पिंजऱ्याला परवाना, जाळ्यांना अभय

दक्षिण आफ्रिकेतील गान्सबायजवळच्या समुद्रात, डायर बेटाच्या परिसरात नांगरलेल्या नौकेवरून माशांचे तेल व तुकडे पाण्यात ओतावेत, नौकेला बांधलेल्या पोलादी पिंजऱ्यात प्रवाशाने श्वास रोखून उभे राहावे, आणि चार मीटर लांबीच्या पांढऱ्या शार्कने काळ्याभोर नेत्राने त्याला न्याहाळीत संथपणे निघून जावे, हा तेथील वर्षानुवर्षांचा क्रम होता. 2017 साली ऑर्का या शिकारी देवमाशांनी यकृते काढून घेतलेले शार्कचे मृतदेह किनाऱ्यास लागले, आणि पुढे त्या पाण्यातील पांढऱ्या शार्कचे दर्शन दुर्मीळ झाले.

ऑर्कांवर कोणत्याही सरकारचा अंमल चालत नाही. परंतु ज्या देशाने 1991 साली, जगात सर्वांच्या आधी, पांढऱ्या शार्कला कायद्याचे संरक्षण दिले, त्याच देशाच्या क्वाझुलू-नाताल किनाऱ्यावर 1952 पासून पोहणाऱ्यांच्या रक्षणासाठी लावली जाणारी जाळी सरकारी मान्यतेने त्याचाच बळी घेत राहावीत, ही विसंगती अक्षम्य आहे. ही जाळी किनारा बंद करीत नाहीत, कारण शार्क त्यांच्या बाजूने वा वरून सहज आत येतो. ती केवळ अडकवून मारतात, आणि त्यांत डॉल्फिन व कासवेही सापडतात.

पिंजऱ्याच्या व्यवसायावर आमिषाबाबत कडक निर्बंध अवश्य असावेत. मात्र जिवंत शार्कवर गावाचा चरितार्थ चालविणाऱ्या या धंद्यास सरसकट दोषी ठरविण्यापूर्वी सरकारने जाळी काढावीत, आणि पर्यटनाच्या महसुलातून किनाऱ्यावर टेहळणीची कायम तजवीज करावी.