दोघांना दोन फळ्या द्या

सामना हातातून निसटू लागला की एडमंटन ऑयलर्स संघ कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसाइटल या दोघांना एकाच फळीत उतरवतो. प्रेक्षकांनाही तेच हवे असते. आजच्या आइस हॉकीतले हे दोन अव्वल आक्रमक एकमेकांना पक देत सुटले की समोरच्या बचावाची तारांबळ उडते, गोलही होतात. तरीही ही जोडी जितकी कमी वेळा जुळवावी तितके ऑयलर्सचे भले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बर्फावर एका वेळी तीनच फॉरवर्ड असतात, पण सामन्याला बारा लागतात. पाऊण मिनिटात दम निघतो. खेळ चालू असतानाच एक तिकडी कठड्यावरून बाहेर पडते आणि दुसरी आत उडी घेते. मॅकडेव्हिड कितीही चपळ असला तरी साठपैकी बावीस-तेवीस मिनिटेच खेळणार. बाकीची मिनिटे कोणाच्या जिवावर काढायची, हा फळ्या बांधतानाचा खरा प्रश्न. ड्रायसाइटल स्वतः उत्तम सेंटर आहे, एक अख्खी फळी तो एकटा ओढू शकतो. त्याला मॅकडेव्हिडच्या बाजूला विंगर म्हणून उभे केले की ती मिनिटे पोरकी होतात.

प्रतिस्पर्ध्याचेही काम सोपे होते. खेळ थांबला की शेवटची अदलाबदल करण्याचा हक्क यजमान संघाचा. पाहुण्यांची तिकडी बघून तो आपली उतरवतो. फ्लोरिडा पँथर्सकडे अलेक्झांडर बार्कोव्हसारखा बचावात पारंगत सेंटर आहे. दोघे एकत्र असले तर तो दोघांना एकदमच अडवतो, वेगळे असले तर एक जण त्याच्या तावडीतून सुटतो.

२०२५ च्या स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत काय घडले ते पाहा. ऑयलर्सने जिंकलेले दोन्ही सामने ड्रायसाइटलने जादा वेळेत मारलेल्या गोलवर जिंकले. म्हणजे तारे चमकले नाहीत, असे कोणी म्हणू शकत नाही. पण कप फ्लोरिडाने सहा सामन्यांत नेला, आणि अंतिम फेरीत सर्वाधिक सहा गोल केले ते त्यांच्या तिसऱ्या फळीतल्या ब्रॅड मार्शंडने. वय ३७, मार्चमध्ये बोस्टनहून आलेला. त्याच्यासोबत अँटन लुंडेल आणि एटू लुओस्टारिनेन. दुसरा सामना दुसऱ्या जादा वेळेत गेला, सगळ्यांचे पाय जड झालेले. लुंडेलने पक पुढे सोडला, मार्शंड एकटाच गोलकीपरसमोर पोहोचला आणि त्याने पक त्याच्या पायांमधून आत सारला. असे गोल तिसऱ्या फळीकडून येतात तेव्हा समोरच्याला कोणाला अडवावे हेच कळेनासे होते.

पिट्सबर्ग पेंग्विन्सने हे २०१६ मध्येच दाखवून दिले होते. मार्चमध्ये येवगेनी मल्किन जखमी झाला आणि कार्ल हेगेलिन, निक बोनिनो, फिल केसेल ही तिकडी जुळली. मल्किन परतल्यावरही प्रशिक्षक माइक सलिव्हन यांनी तिला हात लावला नाही. सिडनी क्रॉस्बी एका फळीत, मल्किन दुसऱ्या आणि केसेल तिसऱ्या. प्लेऑफमध्ये संघातर्फे सर्वाधिक २२ गुण केसेलचे झाले आणि कप पिट्सबर्गला गेला.

ऑयलर्सची अडचण आम्ही जाणतो. २०२५-२६ च्या हंगामात संघाच्या पगाराची मर्यादा ९ कोटी ५५ लाख डॉलर होती, त्यातले २ कोटी ६५ लाख या दोघांचेच. बाकीच्यांसाठी हात आखडता घ्यावा लागतो, त्यामुळे खालच्या फळ्या स्वस्तातल्या आणि सतत बदलत्या. पण म्हणूनच दोघांना वेगळे ठेवणे जास्त गरजेचे. साधा विंगरही ड्रायसाइटलच्या शेजारी रोज खेळून तयार होतो; दर दुसऱ्या शिफ्टला जोडीदार बदलला तर तो कधीच तयार होत नाही.

पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना, दोघे एकत्र खेळतातच, ते तसेच राहू द्यावे. शेवटच्या पाच मिनिटांत एक गोल कमी पडत असेल तर खुशाल एकत्र आणावे. एरवी ड्रायसाइटलला त्याची स्वतःची फळी द्या, आणि दोन सामने हरलात म्हणून ती मोडू नका.