डिस्कस मासा : हौस आणि संगोपन

अलीकडे मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांतून काचेची मत्स्यपेटी दिसणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. वाढदिवसाची भेट म्हणून, परीक्षेतील यशाचे बक्षीस म्हणून, किंवा केवळ शेजाऱ्यांकडे आहेत म्हणून मासे घरी येतात. हौस थोडी वाढली की दृष्टी साहजिकच डिस्कस माशाकडे वळते. थाळीसारखा वाटोळा, चपटा देह, अंगावर निळ्या-तांबड्या नागमोडी रेषा आणि डौलदार, संथ चाल यांमुळे हौशी लोक त्याला मत्स्यपेटीचा राजा म्हणतात. पूर्ण वाढलेला डिस्कस फार महाग पडतो. म्हणून बहुतेक घरांत त्याची लहान पिलेच आणली जातात. माझे म्हणणे या पिलांविषयी आहे. ज्या घराची निदान एक वर्षभर, दररोज, न चुकता पाणी बदलण्याची तयारी नाही, त्या घराने डिस्कसची पिले आणू नयेत. आणि ज्या घराची तशी तयारी आहे, त्याने ती अवश्य आणावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत काहींना कठोर वाटेल. म्हणून प्रथम या माशाचे मूळ घर पाहू. डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील रहिवासी. ऑस्ट्रियाचे निसर्गसंशोधक योहान नाटरर यांनी १८१७ पासून १८३५ पर्यंत ब्राझीलमध्ये भ्रमंती करून जे प्राणी गोळा केले, त्यांत रिओ नेग्रो नदीतील हा मासाही होता. व्हिएन्ना येथील योहान याकोब हेकेल यांनी १८४० साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. रानातील कुजलेल्या पानांच्या अर्काने तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. ते उबदार व आम्लधर्मी असून त्यात क्षार अगदी नाममात्र असतात. अशा संथ पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांच्या आडोशाला डिस्कस थव्याने राहतो. त्याची विष्ठा, त्याच्या अन्नाचे अवशेष, सर्व काही त्या अफाट जलराशीत विरून जाते. आपल्या घरी तो येतो तेव्हा ही नदी मात्र त्याच्याबरोबर येत नाही, आणि सर्व प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

या माशाचे अपत्यसंगोपन तर विस्मयकारक आहे. अंड्यांतून पिले साधारणतः अडीच-तीन दिवसांत बाहेर पडतात. आणखी दोन-तीन दिवसांनी ती पोहू लागली की थेट आईबापांच्या अंगाला जाऊन भिडतात. त्यांच्या कातडीवर स्रवणारा चिकट स्राव हेच पिलांचे पहिले अन्न होय. एक पालक थकला की झटक्याने अंग सोडवून घेतो आणि सारा घोळका दुसऱ्याच्या अंगावर जातो. हिल्डमन या शास्त्रज्ञाने १९५९ साली या रीतीचे वर्णन केले. पुढे २०१० साली इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दाखविले की, या स्रावात प्रथिनांबरोबर रोगप्रतिकारक द्रव्येही असतात, आणि सुमारे तीन आठवड्यांनंतर आईबाप पिलांपासून हळूहळू दूर राहू लागतात. आईने मुलाचे अंगावरचे दूध तोडावे, तसाच हा प्रकार!

दुकानातून आपण पाच-सहा सेंटिमीटरची पिले आणतो, तेव्हा ती दोन-तीन महिन्यांची असतात. आईबापांचे काम संपलेले असते, परंतु वाढ मात्र बहुतेक सारी व्हावयाची असते. नीट निगा राखली तर वर्ष-दीड वर्षात हेच पिलू पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहूनही मोठे होते. पहिल्या वर्षात ही वाढ खुंटली, तर पुढे कितीही लाड केले तरी ती भरून येत नाही. खुंटलेला मासा ओळखणे कठीण नाही. त्याचा देह वाटोळा न होता लांबट राहतो आणि डोळा देहाच्या मानाने बटबटीत दिसतो. असा मासा मरत नाही. तो वर्षानुवर्षे आपल्यासमोर फिरत राहतो. पैसे देऊन पिलू घरी आणले, त्या क्षणी आपण त्याच्या आईबापांच्या जागी उभे राहिलो, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

आता पाणीच एवढे महत्त्वाचे का, ते पाहू. वाढत्या पिलाला पुष्कळ खावे लागते. पुष्कळ खाल्ले की विष्ठाही पुष्कळ होते. माशाच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो, आणि तो विषारी असतो. फिल्टरमधील सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य. परंतु ते साचत जाते, आणि ते बाहेर काढण्यास पाणी बदलण्यावाचून सोपा उपाय नाही. त्यातच डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सियस तपमान लागते. पाणी जितके ऊन, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि अमोनियाचा विषारी अंश वाढतो. म्हणजे हवेचा पंप अखंड चालला पाहिजे, आणि पाणी ताजे राहिले पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनी थोडा हिशेब करावा. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटीचे घनफळ ९ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर होते. यात सहा-आठ पिले सुखाने वाढतात. त्याहून कमी ठेवू नयेत, कारण एकदोन पिलेच असली तर बलवान पिलू दुबळ्याला खाऊ देत नाही. दररोज निदान एकतृतीयांश पाणी बदलावयाचे, म्हणजे ८५ लिटर. पंधरा लिटरच्या बादलीने जवळजवळ सहा बादल्या. नळीने तळाची घाण ओढून घ्यावयाची, पेटीच्या भिंती आतून पुसावयाच्या आणि नवे पाणी घालावयाचे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजून काढतो. म्हणून ते पाणी चोवीस तास पिंपात साठवून त्यात हवा सोडावी, किंवा सोडियम थायोसल्फेट योग्य प्रमाणात घालावे. नव्या पाण्याचे तपमान तापमापकाने पाहून जुन्याच्या जवळपास आणावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे. ॲमेझॉनमध्ये जे काम नदी करते, तेच घरी बादलीने करावयाचे!

पिले लहान असताना पेटीचा तळ मोकळाच असावा. रंगीत खडे, प्लॅस्टिकचे किल्ले, शिंपले यांनी शोभा येते हे खरे. पण उरलेले अन्न त्यांच्या फटींत कुजते. मासे मोठे झाल्यावर वाळू व लाकडाचा ओंडका घालून हवी तेवढी शोभा आणता येईल. अन्नही एकदम पोटभर न घालता दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे आणि पंधरा मिनिटांत जे संपणार नाही, ते काढून टाकावे. बाजारात मिळणारे ट्युबिफेक्स नावाचे लाल किडे स्वस्त असतात, पण ते घाणेरड्या पाण्यात वाढतात व आपल्याबरोबर रोग आणतात. त्यापेक्षा आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात घालून दिवस-दीड दिवसात फुटणारे ताजे जीव पिलांना द्यावेत. शाळकरी मुलास हा प्रयोग सहज करता येतो आणि जीवशास्त्राचा पाठही घरबसल्या होतो.

पिले काळवंडली, पंख मिटून कोपऱ्यात बसली, खाईनाशी झाली, की अनेकजण प्रथम औषधाच्या बाटलीकडे धावतात. माझ्या मते प्रथम बादलीकडे धावावे. पाणी बिघडल्याने आलेले दुखणे पुष्कळदा पाण्यानेच बरे होते. मात्र विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी दिसू लागली, तर आतड्यात परजीवी असण्याचा संभव असतो. तेव्हा जाणकाराच्या सल्ल्यानेच उपचार करावेत. नवा मासा आणल्यास तो चार-सहा आठवडे वेगळ्या पेटीत ठेवल्याशिवाय जुन्यांत सोडू नये. पिले निवडतानाही रंगाला भुलू नये, कारण लहान वयात रंग खुलावा म्हणून काही ठिकाणी त्यांना संप्रेरके चारली जातात. वाटोळा देह, लहान व तेजस्वी डोळा आणि अन्नावर तुटून पडण्याची वृत्ती हीच खरी पारख होय.

या मतावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, जेथे नळाला एक दिवसाआड पाणी येते, तेथे रोज सहा बादल्या माशांवर खर्च करणे कितपत योग्य? आक्षेप बिनतोड आहे, आणि मी त्यास बगल देऊ इच्छित नाही. काढलेले पाणी वाया जात नाही. त्यातील नायट्रेट हे झाडांचे खतच असल्यामुळे तुळशीवृंदावनास व परसातील भाजीस ते उत्तम. परंतु ज्या घरी पिण्याच्या पाण्याचीच ओढ आहे, त्यांनी डिस्कसचा मोह टाळावा आणि थोड्या पाण्यात समाधानाने राहणारे दुसरे मासे पाळावेत. यात कमीपणा कसला? आपल्या ऐपतीत केवळ पैसाच मोडत नाही, पाणी आणि वेळही मोडतो.

दुसरा आक्षेप पालकांचा. मुलांची हौस पहिल्या पंधरवड्यात ओसरते आणि सहा बादल्या शेवटी आईच्या वाट्याला येतात, असे ते म्हणतात. दुर्दैवाने पुष्कळ घरांत असे घडते. यावर उपाय एकच : मासे आणण्यापूर्वी एक महिना रिकामी पेटी चालवावी. फिल्टरमध्ये उपयुक्त जंतू वाढण्यास असाही वेळ द्यावाच लागतो. त्या महिन्यात मुलाने रोज पाणी बदलून दाखवावे, तपमानाची नोंद वहीत ठेवावी, वीज गेल्यावर पंपाचे काय करावयाचे आणि इंदूर-ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी थंडीत हीटर कसा सांभाळावयाचा, याची व्यवस्था लावावी. महिन्याअखेर वहीत एकही दिवस कोरा नसेल, तर पालकांनी खुशाल पिले आणून द्यावीत. कोरे दिवस अधिक असतील, तर कोणाचाही जीव न गमावता सर्वांना उत्तर मिळाले, असे समजावे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्याकडे मोठ्या संकल्पांना तोटा नाही. उणीव असते ती नित्यनेमाची. डिस्कसचे पिलू आपल्या संकल्पावर वाढत नाही. मंगळवारी पाहुणे आले, बुधवारी सामना होता, गुरुवारी कंटाळा आला, ही कारणे त्यास सांगता येत नाहीत. तीन दिवसांचा हा हिशेब ते आपल्या देहावर मांडून ठेवते, आणि वर्षाअखेर तो घरातील प्रत्येकाला वाचता येतो. वाटोळा, भरदार, आपल्या चाहुलीने काचेशी धावत येणारा मासा हे एका वर्षाच्या अखंड नेमाचे प्रगतिपुस्तक होय. तशी तयारी असलेल्यांनी हा छंद निःशंक हाती घ्यावा. नसलेल्यांनी दुकानाच्या काचेतूनच या राजाचे दर्शन घ्यावे आणि त्याचे आयुष्य दुसऱ्या अधिक तत्पर हाती जाऊ द्यावे.