आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा

१९९० च्या सुमारास डिस्कोथेकमध्ये घुमत होती गायिका मार्था वॉश; पडद्यावर मात्र भलत्याच. ‘सी अँड सी म्युझिक फॅक्टरी’च्या ‘गॉना मेक यू स्वेट’च्या व्हिडिओत तिच्या आवाजावर झेल्मा डेव्हिसने ओठ हलवले, ‘ब्लॅक बॉक्स’ या गटाने कात्रिन किनॉल ही मॉडेल उभी केली. वॉशबाई म्हणे कॅमेऱ्यासाठी जाड! (१९८२ मध्ये ‘इट्स रेनिंग मेन’ गाजवणाऱ्या दोघींपैकी ती एक.) ती कोर्टात गेली, तडजोडी झाल्या, श्रेयनामावलीत आवाजाला जागा मिळू लागली. ‘महल’ चित्रपटाच्या तबकडीवर लताबाईंऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलेलं आठवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. एकरकमी बिदागीवर बोळवण होणाऱ्या पाहुण्या गळ्यांचा हा अंक. नाराजी आमचीही आहे, ती लपवलेली नाही.