मालकाची खरी जागा

आपल्या व्यापारी घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते, 'मी दुकानात नसलो तर इथे पानही हलत नाही.' हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर थकवा दिसतो आणि त्या थकव्याखाली थोडा अभिमानही असतो. सकाळी कुलूप आपण उघडायचे, माल आपण उतरवून घ्यायचा, बिल आपण करायचे, वसुलीचे फोन आपण करायचे आणि रात्री रोजमेळही आपणच जुळवायचा, यालाच आपण कष्टाळूपणा म्हणत आलो. कष्टाचे मोल कमी नाही. परंतु मालकाचा वेळ हेही दुकानातील भांडवलच आहे आणि ते चुकीच्या जागी गुंतले तर तोटा होतो, हे मात्र आपण क्वचितच ध्यानात घेतो. इतरांना सांगण्यापूर्वी आमच्याच घरात घडलेली गोष्ट सांगितलेली बरी.

आमचे कापडाचे दुकान तालुक्याच्या गावी आहे. आजोबांनी खांद्यावर गाठोडे घेऊन आठवडेबाजार केले आणि बाबूजींनी पेठेत दुकान थाटले. बाबूजींच्या अंगी एक दुर्मीळ गुण होता. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी गादीवर टेकली की चार वाक्यांतच त्यांना उमजे की निर्णय कोणाच्या हाती आहे, पैसे कोण देणार आहे आणि मनात रुसवा कोणाच्या आहे. पहिली साडी ते नवरीपुढे न उलगडता तिच्या मावशीपुढे किंवा आत्यापुढे उलगडत. 'आधी तुमची पसंती सांगा,' असे म्हणत. जिचा मान राखला जात नाही तिच्या एका नाकमुरडीने सारा बस्ता मोडतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. जिथे दुसरा दुकानदार पन्नास साड्यांच्या घड्या मोडी, तिथे ते सात-आठ साड्यांत निवड करून देत. आजीचा बस्ता आमच्याकडे झाला म्हणून नातीचाही आमच्याकडेच, अशी कित्येक घरे होती.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि दुकानाचा दिनक्रम बदलला. किरकोळ विक्रीबरोबर खेड्यांतील छोट्या दुकानदारांना घाऊक माल देण्याचा आमचा व्यवहार होता, त्यामुळे प्रत्येक बिलाची नोंद संगणकावर आली. बाबूजींनी वयाच्या साठीत संगणक शिकायला घेतला. त्यांची जिद्द कौतुकाची होती, पण गती त्यात नव्हती. महिन्याच्या मध्यापासून ते आतल्या खोलीत फायलींच्या ढिगात बसू लागले. जेवण तिथेच, फोन तिथेच. गादीवर मी आणि दोन नोकर.

त्यानंतरच्या वैशाखात आमच्या तीन पिढ्यांच्या ओळखीचे एक घर बस्त्यासाठी आले. बारा-तेरा माणसे होती. त्यांतल्या वयस्कर बाईंनी आल्याआल्या विचारले, "शेठजी कुठे आहेत?" मी म्हटले, "आत हिशेबाचे काम चालले आहे, मी दाखवतो ना." मी साड्या दाखवल्या, खूप दाखवल्या. तासाभराने त्यांनी दोन साध्या साड्या घेतल्या आणि 'पुन्हा येतो' म्हणून निघून गेले. पुढे कळले, बस्ता त्यांनी शहरातून केला. संध्याकाळी बाबूजींना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या बाईंचा स्वतःचा बस्ता मी दाखवला होता." त्या दिवशी त्यांनी आत बसून जे काम केले, ते महिना काही हजारांत कोणीही जाणकार करून देऊ शकला असता. गादीवर बसून ते जे करू शकत होते, ते मात्र त्यांच्याशिवाय कोणालाच जमणारे नव्हते.

असे असूनही काम दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते, आणि त्यालाही कारण होते. तरुणपणी एका दिवाणजीने त्यांना फसवले होते. वसुलीची रक्कम यायची, पण वहीत चढायची नाही. तेव्हापासून 'पैशाचे आणि वहीचे काम परक्याला द्यायचे नाही' ही त्यांची गाठ पक्की बसली. मी पुष्कळ विचार केल्यावर मला एक गोष्ट दिसली. त्या काळी वसुली करणारा आणि वही लिहिणारा माणूस एकच होता आणि महिन्याच्या शेवटी येणेकऱ्यांना बाकीचा आकडा कळवून पडताळणारे कोणीच नव्हते. दोष कामे सोपवण्याचा नव्हता. कशी सोपवली याचा होता. विश्वास ठेवणे याचा अर्थ डोळे मिटणे असा होत नाही. कोणी काय करायचे आणि ते कोणी, केव्हा पाहायचे हे आधी ठरवून ठेवले म्हणजे विश्वास निभावणे दोघांनाही सोपे जाते.

तोडगा निघाला तो घरातूनच. माझी पत्नी लग्नापूर्वी तीन वर्षे एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करत होती. कर, विवरणपत्रे, बँकेचा ताळमेळ हे तिचे रोजचे काम होते. लग्नानंतर सहा वर्षे ते ज्ञान स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड राहिले. बाबूजींनी तिला विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नव्हते. एके रात्री बाबूजी जुळत नसलेल्या आकड्यांशी झटत होते. ती पाण्याचा तांब्या ठेवायला गेली आणि उभ्याउभ्या म्हणाली, "बाबूजी, परत आलेल्या मालाची नोंद दोनदा झाली आहे." चूक तिथेच होती.

पुढच्या महिन्यापासून हिशेबाचे काम तिच्याकडे आले. पहिले काही दिवस बाबूजी तिने केलेली प्रत्येक नोंद रात्री पुन्हा तपासत. आठवड्याने ती शांतपणे म्हणाली, "बाबूजी, एकतर तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहिते. दोघांनी तेच केले तर तुमचा वेळ वाचला कुठे? दर शनिवारी मी तुमच्यासमोर अर्धा तास बसते, जे विचारायचे ते विचारा." तो शनिवारचा अर्धा तास आजही चालू आहे.

पहिल्याच महिन्यात तिच्याकडून एक चूकही झाली. एका खेड्यातील दुकानदाराचे बिल दुसऱ्याच्या कर-क्रमांकावर चढले. घाऊक व्यवहारात ही चूक लहान नसते. आपण दरमहा विक्रीचे विवरणपत्र भरतो, त्यावरूनच खरेदीदाराच्या खात्यात त्याने दिलेल्या कराची वजावट दिसते. आपली नोंद चुकली की त्याची वजावट अडते. घरात सारे बाबूजींकडे पाहत होते. ते रागावले नाहीत. त्यांनी स्वतः त्या दुकानदाराला फोन केला, चूक कबूल केली आणि 'पुढच्या विवरणपत्रात दुरुस्ती होईल, तोवर तुमची रक्कम मी थांबवून धरतो' असे सांगितले. गिऱ्हाईक टिकले. चूक सुधारण्याचे काम तिचे होते आणि माणूस सांभाळण्याचे बाबूजींचे. प्रत्येक जण आपापल्या जागी होता. आणखी एक गोष्ट बाबूजींनी आपणहून केली. तिचा पगार ठरवला आणि तो तिच्या नावच्या खात्यात जमा करायला लावला. घरच्या माणसाचे काम फुकट धरले की त्याची किंमतही कोणी करत नाही, हे त्यांना मान्य झाले होते.

मोठ्या उद्योगांतही मूळ सूत्र हेच दिसते. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांचे मन घरच्या पिढीजात व्यापारात आणि सावकारीत रमले नाही. त्यांना बांधकामाच्या ठेक्यांत उतरायचे होते, पण त्या कामाची माहिती नव्हती. त्यांनी भागीदारी केली ती लक्ष्मणराव फाटक यांच्याशी. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. पुढे १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली आणि त्याच वर्षी ५ एप्रिलला 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. वालचंद काही जहाज चालवणारे नव्हते. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढताना त्यांनी विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाला बरोबर घेतले. दूरचे पाहणे, भांडवल जमवणे आणि धोका पत्करणे हे त्यांचे बळ होते. उरलेल्या गोष्टी जाणणारी माणसे त्यांनी शोधली. आपले दुकान लहान असले तरी हे सूत्र लागू पडायला अडचण नाही.

आता प्रश्न उरतो तो सुरुवात कोठून करायची हा. माझा अनुभव असा आहे. पंधरा दिवस एक लहान वही गल्ल्याजवळ ठेवावी आणि दर दोन तासांनी आपण काय केले ते एका ओळीत लिहावे. पंधराव्या दिवशी प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारावा, 'हे माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमले असते का?' उत्तर वाचून बहुतेकांना धक्का बसतो. मग एकच काम निवडावे. ते सर्वांत नकोसे असेल असे नाही, पण चुकले तरी भरून निघेल असे असावे. ते पोहोचवायच्या मालाचे असो, मालाच्या मोजदादीचे असो वा नोंदींचे. कसे करायचे हे बोलून दाखवण्यापेक्षा एकदा लिहून द्यावे. एक महिना त्यात हात घालू नये. ठरलेल्या दिवशी मात्र न चुकता पाहावे.

काही गोष्टी मात्र मालकाने हातातून सोडू नयेत. उधारी कोणाला आणि किती द्यायची, हा निर्णय आपला. रोकड हाताळणारा आणि वही लिहिणारा एकच माणूस नको. बँकेत व्यापारी खात्यासाठी 'एकाने रक्कम भरायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची' अशी सोय मिळते. मंजुरी आपल्याकडे ठेवावी आणि मोबाइलवर येणारा संकेतांक कोणालाही सांगू नये. करसल्लागार नेमला म्हणून जबाबदारी संपत नाही. विवरणपत्राला उशीर झाला तर रोजचे विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के दराने व्याज आपल्याच नावावर चढते. म्हणून विवरणपत्र भरल्याची पोच दर महिन्याला मागून घ्यावी. काम देता येते, उत्तरदायित्व देता येत नाही.

शेवटी एक नाजूक बाब. सारे काही स्वतःच्या हाती ठेवणाऱ्या वडिलांच्या घरात मुले दुकानात असतात, पण दुकान शिकत नाहीत. बाबूजी आत अडकले होते त्या वर्षी तो बस्ता हातचा गेला, त्यात माझाही उणेपणा होता. साडी दाखवायला मी शिकलो होतो. माणसे वाचायला मला कोणी शिकवले नव्हते, कारण शिकवणाऱ्याला वेळच नव्हता. हिशेब हातावेगळा झाल्यावर बाबूजी पुन्हा गादीवर आले आणि त्यांच्या शेजारी बसून मी ते शिकू लागलो. ते अजून पुरते आलेले नाही.

गेल्या वर्षी बाबूजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि ते काही दिवस घरी राहिले. एका संध्याकाळी त्यांनी विचारले, "दुकानात माझ्यावाचून काही अडले का?" मी म्हटले, "काही अडले नाही." ते जरासे हिरमुसले. मग मी सांगितले की एक वयस्कर बाई नातीला घेऊन आल्या होत्या आणि 'शेठजी येतील तेव्हाच बस्ता बांधू' म्हणून परत गेल्या. मुद्दाम पंधरा दिवस थांबणार होत्या त्या. बाबूजींनी काळा चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "मग डॉक्टरांना विचार, मला कधी जाता येईल."