तलावाचा देखावा आणि त्याचे मोल

पवईच्या परिसरात एखाद्या सदनिकेच्या खिडकीतून तलाव दिसत असेल, तर तिची किंमत वाढते. ही वाढीव किंमत आधी बांधकाम व्यावसायिकाच्या आणि पुढे सदनिकाधारकाच्या पदरात पडते. ज्या पाण्यामुळे ती मिळते, त्या पाण्याच्या वाट्याला मात्र काहीच येत नाही. लाभ खासगी आणि हानी सार्वजनिक, असा हा विषम हिशेब आहे. पवई तलावाच्या दुरवस्थेचे एक मर्म त्यातच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी १८९० साली सुमारे साडेबारा लाख रुपये खर्चून हा तलाव बांधण्यात आला. तो भरला असता त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी मावते. परंतु ते आज पिण्यायोग्य नाही. त्याचा उपयोग औद्योगिक कामांसाठी व आरे वसाहतीत पिण्याव्यतिरिक्त होतो. मात्र त्याचे पाणलोट क्षेत्र अवघे ६.६१ चौरस किलोमीटर आहे, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. गंगेच्या प्रदूषणास जबाबदार कोण, हे सांगणे कठीण. पवईचे भागीदार मात्र मोजता येतील.

सारा दोष झोपडपट्ट्यांचा, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. जेथे मलवाहिनीच नाही तेथे ती टाकणे हे महापालिकेचे कर्तव्य होय, आणि त्यात झालेल्या दिरंगाईचे समर्थन करता येणार नाही. परंतु ज्यांना मलवाहिनी आहे, सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणाही आहे, त्यांचे काय? यंत्रणा चालविण्यास वीज लागते, माणूस लागतो. देखभाल खर्च कमी दाखविण्यासाठी ती बंद ठेवण्याचा मोह कोणत्याही कार्यकारिणीस होऊ शकतो. कपडे धुण्याच्या भुकटीतील फॉस्फेट, बागेत सढळ हाताने टाकलेले खत आणि मैलापाणी यांतून स्फुरद व नत्र तलावात उतरते. त्यावर जलपर्णी माजते. ती कुजली की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. मग ती काढण्याचा खर्च महापालिका करते. म्हणजे ज्याने हा तलाव कधी पाहिलाही नाही, असा घाटकोपरच्या चाळीतील करदाताही देखाव्याचे बिल भरतो!

यावर उपाय गृहनिर्माण संस्थांच्या हाती आहेत. आपली सांडपाण्याची जोडणी मलवाहिनीला आहे की पावसाळी गटाराला, याची तपासणी प्रत्येक संस्थेने करावी. शुद्धीकरण यंत्रणेतील पाण्याचे चाचणी अहवाल सूचना फलकावर लावावेत. ते पाणी शौचालये व बागेसाठी वापरावे. ऐन पावसाळ्यात खत घालू नये. मोटारी धुतलेले पाणी पावसाळी गटारात सोडू नये. निर्माल्याचे खत करावे. वार्षिक सर्वसाधारण सभेत रंगकामाइतकाच तलावासाठीही खर्च मंजूर करावा.

हे स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरालगतचे वॉशिंग्टन सरोवर सांडपाण्याने गढूळले होते. तेथील मतदारांनी १९५८ साली त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापण्यास कौल दिला. १९६८ पर्यंत सांडपाणी अन्यत्र वळविण्यात आले आणि पाणी पुन्हा नितळ झाले. सामायिक संपत्तीचा नाश अटळ नसतो. वापरणारेच नियम करून ती राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पवईकरांजवळ शिक्षण आहे, पैसा आहे आणि संघटनाही आहे. पावसाळ्यात भरून वाहणारा हा तलाव मिठी नदीला मिळतो. म्हणजे काठावरची बेफिकिरी कुर्ल्यापर्यंत आणि पुढे माहीमच्या खाडीपर्यंत जाते. देखाव्याचे मोल घेणाऱ्यांनी त्याच्या रक्षणाचे मोलही चुकते करावे, ही अपेक्षा उपकाराची नव्हे. ती साध्या न्यायाची आहे.