ताप उतरला, आता जास्त लक्ष द्या

पावसाळा सरत आला की आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज सुरू होतात: 'डेंग्यू. प्लेटलेट्स 40 हजार. डोनर हवा, अर्जंट.' पोरं लगेच बाइक काढतात. या धावपळीचा मला अभिमान आहे. पण ती सगळी एकाच आकड्याभोवती फिरते, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

रक्तात डेंग्यूचा विषाणू जितका जास्त, तितका आजार गंभीर होण्याचा धोका जास्त. थायलंडमधल्या मुलांवरच्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दिसलं होतं. पुढे व्हिएतनाममधल्या 5 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींतही तोच कल आढळला. इथवर हिशेब सरळ वाटतो.

गोम वेळेत आहे. विषाणू सर्वाधिक असतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत, ताप फणफणलेला असताना. मग तो झपाट्याने घटतो. धोक्याचा काळ मात्र साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरताना सुरू होतो. तेव्हा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा पाझरू लागतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. विषाणू ओसरत असतो, पण त्याने आणि त्याच्याशी लढणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीने पेटवलेली आग अजून विझलेली नसते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे: लोड दुपारी येऊन जातो, सर्व्हर पडतो संध्याकाळी.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेलेल्याला दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर जुन्या अँटिबॉडी कधीकधी विषाणूला रोखण्याऐवजी पेशीत शिरायला मदतच करतात. म्हणून 'मला एकदा झालाय, आता काय होतंय' ही बेफिकिरी महागात पडू शकते.

आणि आपल्या घरांत काय चालतं? ताप उतरला की अम्मी सुटकेचा श्वास टाकते, पोरगा क्लासला, अब्बा कामावर. नेमके तेच दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बसायचे असतात! विषाणू मोजण्याची चाचणी रोजच्या उपचारात सहसा होत नाही. झाली तरी एकट्या आकड्यावरून कुणाचं काय होणार हे ठरत नाही. प्लेटलेट्सचंही तसंच. त्या चढवल्याने प्लाझ्माचं पाझरणं थांबत नाही, आणि रक्तस्राव नसेल तर केवळ आकडा घसरला म्हणून डॉक्टर त्या सहसा देत नाहीत. पपईच्या पानांच्या रसावर तर मी बोलतच नाही.

माझी मागणी साधी आहे. ग्रुपवर मेसेज आला की डोनर शोधाच, पण सोबत विचारा: ताप कधी उतरला? पोट खूप दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त येतंय का? पेशंट सुस्त किंवा बेचैन आहे का? लघवी शेवटची कधी झाली? हिमॅटोक्रिट कालच्यापेक्षा वाढलंय का? यातलं एकही उत्तर 'हो' आलं किंवा लघवी कमी झाली असेल, तर डोनरची वाट न बघता आधी हॉस्पिटल गाठा. आणि रात्री दोन वाजता पेशंटला घेऊन जायला कोण उठणार, त्याचं नाव आजच ग्रुपवर टाका.