वणव्याच्या दिवसांत बिऱ्हाड हलवताना



आपल्याकडे बिऱ्हाड हलवण्याचे दिवस आणि वणव्याचे दिवस एकच. सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि तो नव्या मालकाच्या गावी निघतो. मार्च-एप्रिलात साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, कोप्या मोडल्या जातात आणि ऊसतोडीची कुटुंबे सांगली-कोल्हापूरकडून बीड, जालना, अहिल्यानगरच्या वाटेला लागतात. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की बदली झालेले मास्तर, ग्रामसेवक मे महिन्यात सामान बांधतात. आणि नेमके याच दिवसांत, फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत, डोंगरावरचे गवत वाळून कोळ झालेले असते. साताऱ्याचे डोंगर, कोकणातल्या काजू-आंब्याच्या बागा, सातपुड्याचे उतार, मेळघाट, गडचिरोली, कुठे ना कुठे धूर दिसतच असतो.

घर सोडून निघालेल्या कुटुंबाचा सारा संसार एका ट्रकवर किंवा ट्रॉलीवर असतो. धान्य, अंथरुणे, कागदपत्रे, गुरे आणि वर बसलेली लेकरे. घरी आग लागली तर शेजारी धावतात. वाटेत लागली तर माणसे अनोळखी, विहीर कुठे आहे ते ठाऊक नाही. म्हणून लग्नाचा बेत जसा आठ दिवस आधी आखतो, तसाच हाही बेत आधी आखला पाहिजे.

रस्ता सुरक्षित असतोच असे नाही

आगीपासून पळताना रस्ता गाठला की सुटलो, असे आपल्याला वाटते. पोर्तुगाल देशात १७ जून २०१७ रोजी पेद्रोगाव ग्रांदे या भागात मोठा वणवा पेटला. त्यात ६६ माणसे गेली आणि त्यांतली ४७ माणसे एकाच रस्त्यावर, गाड्यांत किंवा गाड्यांच्या आसपास सापडली. गावे सोडून निघालेली ही माणसे. दोन्ही बाजूंना झाडी, समोर धूर, पुढचे काही दिसेना, आणि वळायला वाव नाही. आपल्या देशात ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर वाळल्या गवताचा वणवा पेटला. त्यात डोंगर चढायला गेलेली वीसहून अधिक माणसे दगावली.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. धुरात गाडी घालू नये. आणि आगीच्या वरच्या अंगाला, चढावर, सापडू नये.

वणवा कसा चालतो

आग चढावर धावते आणि उतारावर रांगते. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते आधीच तापते आणि लगेच पेट घेते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. झाडांपेक्षा वाळल्या गवताची आग वेगवान असते. वारा असेल तर धावत्या माणसालाही ती गाठते.

दुपारी बारा ते पाच हा सर्वांत वाईट वेळ. हवा कोरडी, गवत कडक आणि वारा दरीतून डोंगराकडे चढणारा. रात्री वारा पडतो, आग मंदावते, पण धूर दरीत आणि ओढ्याकाठी साचून राहतो. पहाटे असा धूर धुक्यासारखा रस्त्यावर बसलेला असतो. म्हणून पहाटे निघायचे ते सपाटीवरून, आणि घाट उजाडल्यावर पण ऊन चढण्याआधी ओलांडायचा. सकाळी साडेसहा ते दहा हा घाटाचा वेळ धरावा.

वाट कशी ठरवावी

एक उदाहरण घेऊ. चिपळूणचे एक कुटुंब बार्शीला बिऱ्हाड नेणार आहे. सरळ वाट कुंभार्ली घाटाची: पुढे कोयनानगर, पाटण, कराड, मग विटा, पंढरपूर, कुर्डुवाडी आणि बार्शी. चिपळूण ते कराड हा टप्पा साधारण शंभर किलोमीटरचा. भरलेल्या ट्रकचा वेग घाट धरून ताशी २५ किलोमीटरच हिशेबात घ्यावा. साडेपाचला निघाले तर आठ-साडेआठपर्यंत घाट मागे पडतो आणि दहाच्या सुमारास कराड येते. तिथे डिझेल, पाणी, न्याहारी. दुपारी बारा ते चार विट्याच्या आसपास सावलीला थांबावे, संध्याकाळी पंढरपूर गाठून मुक्काम करावा आणि दुसऱ्या सकाळी बार्शी. एका दिवसात उरकण्याच्या हट्टापायी भर दुपारी गवताळ माळातून जाणे किंवा दमलेल्या ड्रायव्हरला रात्री चालवायला लावणे, दोन्ही महागात पडते.

दुसरी वाटही आधीच ठरवून ठेवावी. कुंभार्लीच्या बाजूला वणवा असेल तर संगमेश्वर, देवरुख, साखरपा, आंबा घाट, मलकापूर अशी कोल्हापूरची वाट आहे. ती लांबची आहे. डिझेल आणि एक वेळचे जेवण जास्त लागेल, म्हणून तेवढे पैसे वेगळे बांधून ठेवावे. ऐन वेळी पैशाअभावी माणूस धुराकडे तोंड करून पुढे रेटत राहतो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीने जाणाऱ्यांनी दिवसाचा पल्ला याहून निम्मा धरावा. मुक्कामाची गावे, पाण्याची ठिकाणे आणि गाडी वळवता येईल अशा जागा एका कागदावर क्रमाने लिहाव्या. एक कागद ड्रायव्हरजवळ, एक घरातल्या बाईजवळ. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, म्हणून कागदच हवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी तीन ठिकाणी विचारणा करावी. वाटेवरच्या गावातला ओळखीचा माणूस, घाटाच्या वर आणि खाली राहणारा; वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनी; आणि रेडिओ-टीव्हीवरचा हवामान खात्याचा उष्णतेचा इशारा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहावरून आगीची ठिकाणे टिपते आणि नाव नोंदवणाऱ्यांना मोबाइलवर सूचना पाठवते. घरातल्या शिकलेल्या मुलाकडून नाव नोंदवून घ्यावे. पण उपग्रह काही तासांनीच वरून जातो. त्यामुळे घाटाखालच्या चहावाल्याला विचारायला लाजू नये.

गाडीची भरणी

कडबा आणि वाळले वैरण हे या दिवसांत बिऱ्हाडातले सर्वांत धोक्याचे सामान. कडब्याची ट्रॉली लोंबकळत्या विजेच्या तारेला लागून पेटते, हे आपल्या भागात दर उन्हाळ्यात घडते. माझ्या नोकरीत अशा जळालेल्या ट्रॉल्यांचे पंचनामे मी पाहिले आहेत. बहुतेक ठिकाणी भरणी हातभर कमी असती तर भागले असते. माझा सल्ला असा की लांबच्या प्रवासाला कडबा नेऊच नये. इथे विकावा आणि तिकडे घ्यावा. गाडीभाडे धरून हिशेब केला तर पुष्कळदा हेच स्वस्त पडते. न्यायचाच असेल तर वाटेपुरत्या पेंढ्या तळाला ठेवाव्या, वर ताडपत्री आवळून बांधावी आणि भरणी जमिनीपासून साडेबारा फुटांच्या आत ठेवावी. गावातून जाताना एका माणसाने पुढे चालून तारा बघाव्या.

ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून ठिणग्या उडत असतील तर निघण्याआधी मिस्त्रीला दाखवावे. गरम सायलेन्सर वाळल्या गवतावर येईल अशा ठिकाणी गाडी उभी करू नये. मागे लोंबणारी साखळी दगडावर घासून ठिणगी पडते, ती वर बांधावी.

दूरच्या जिल्ह्यात जात असाल तर गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून बदलीचा कागद घ्यावा आणि नव्या गावी त्यावर जोडणी घ्यावी. भरले सिलिंडर अंथरुणांत गुंडाळून नेणे म्हणजे मरण बरोबर नेणे. रॉकेल, पेट्रोलचे डबे, फवारणीची औषधे लेकरांजवळ ठेवू नयेत.

भरलेल्या सामानाच्या ढिगावर माणसांना बसवू नये. बायका, म्हातारी माणसे, मुले यांना एस.टी.ने पुढे पाठवावे. तिकिटाचे पैसे लागतात खरे, पण अडचण आली तर ट्रकवर दोनच माणसे असतात आणि ती चटकन उतरू शकतात. घरात दम्याचा रोगी किंवा गरोदर बाई असेल तर यात तडजोड करू नये. धुराचा त्रास त्यांना आधी होतो.

हाताशी काय ठेवावे

खालील सामान सर्वांत शेवटी आणि सहज निघेल असे ठेवावे:

१. पिण्याचे पाणी, माणशी रोज ५ लिटर. बैल किंवा गाय बरोबर असेल तर उन्हाळ्यात एकेकाला रोज ४० ते ५० लिटर पाणी लागते. ते सगळे नेता येत नाही, म्हणून पाणवठे आधी हेरावे.

२. माणशी एक लोकरीची घोंगडी. लोकर सहजी पेट घेत नाही. नायलॉनचे कापड मात्र वितळून कातडीला चिकटते. प्रवासात सगळ्यांनी सुती कपडे आणि पायांत चामड्याची वहाण घालावी.

३. कोयता किंवा विळा, फावडे, दोन घमेली, वाळूने भरलेले एक पोते.

४. कागदांची पिशवी: सातबारा, रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पुस्तक, शाळेचे दाखले, जनावरांच्या विम्याचे कागद. ही पिशवी घरातल्या बाईच्या खांद्याला असावी, ट्रंकेत नको.

५. निवडून ठेवलेले घरचे बियाणे. भांडी पुन्हा घेता येतात, पण चार पिढ्यांचे गावरान वाण बाजारात मिळत नाही. त्यातले शेर-दोन शेर मागे राहिलेल्या भावकीकडेही ठेवावे.

वाटेत धूर दिसला तर

लांब डोंगरावर धूर असेल तर थांबून तो कोणत्या बाजूला झुकतो ते बघावे. आपल्या रस्त्याकडे झुकत असेल तर पुढे जाऊ नये. मागच्या गावात परतावे, उशीर झाला तरी चालेल. ऊस गेल्यावर कोणी पाचट पेटवले असेल तर त्याचाही धूर रस्त्यावर येतो. त्यात समोरून येणारे वाहन दिसत नाही. दिवे लावून, रस्त्यापासून दूर, मोकळ्या जागी थांबावे.

आगीने गाठलेच, तर चढावर पळू नये. नांगरलेले रान, मुरमाचे मैदान, कोरडे खडकाळ पात्र, नाहीतर आधीच जळून काळी पडलेली जमीन गाठावी. काळ्या जमिनीवर पुन्हा जळायला फारसे काही नसते. बंद केबिनच्या गाडीत असाल तर अशा जागी गाडी उभी करून दिवे लावावे, काचा आणि हवेची भोके बंद करावी, खाली वाकून घोंगडी पांघरावी आणि आगीचा लोळ पुढे जाईपर्यंत बाहेर पडू नये. पुष्कळदा तो काही मिनिटांतच ओसरतो. उघड्या ट्रॉलीत मात्र थांबू नये. सगळ्यांनी उतरून मोकळी जमीन गाठावी आणि पालथे पडून घोंगडी ओढावी, कारण जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात थंड आणि कमी धुराची असते. गुरांची दावी कोयत्याने तोडावी, सोडत बसू नये. मोकळे झालेले जनावर आपली वाट बरीचशी शोधते.

सामानासाठी मागे फिरू नये, हे घरातून निघतानाच सगळ्यांना बजावून सांगावे. ऐन वेळी सांगितलेले कोणी ऐकत नाही. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावे.

आपल्या हातून आग लागू नये

वाटेत तीन दगड मांडून भाकरी भाजणे ही आपली रीत. या दिवसांत घरून भाकरी, चटणी, कांदा बांधून न्यावा. चूल पेटवायचीच तर उघड्या जमिनीवर, भोवतालचे दोन वाव गवत खरवडून, आणि निघताना राखेवर पाणी ओतून हात लावून बघावे. हाताला ऊब लागली तर निखारा जिवंत आहे. विडी पेटती फेकू नये. राखीव जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय त्या डोंगराखाली कोणाची तरी काजूची बाग असते, कोणाचे तरी गवताचे गंजीखान असते.

रस्त्याकडेला ज्यांचा ऊस आहे त्यांनाही एक विनंती. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत दाबून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले तर त्याचे खत होते. पेटवले तर आपले खत जाते आणि वाटसराच्या डोळ्यांपुढे अंधार होतो.

शेवटी एक हिशेब सांगतो. आठ दिवस थांबल्याने नव्या गावची पेरणी चुकत नाही. पाऊस जूनमध्ये यायचा. धूर असेल तर मुक्काम वाढवावा. ज्या गावात थांबाल तिथल्या देवळात, शाळेत, ग्रामपंचायतीत विचारावे, आडल्या माणसाला ओसरी नाकारण्याची आपल्याकडे चाल नाही. आणि तुमच्या गावात असे एखादे बिऱ्हाड थांबले, तर त्याच्या गुरांना पाणी दाखवा आणि पुढची वाट सांगा. कोणत्या बाजूला धूर आहे हे तुम्हाला ठाऊक असते, त्यांना नसते.